कन्व्हर्ट केलं की डिझाइन बिघडतं: इंक/स्टिचमध्ये दोष कुठे शोधायचा

विजयादशमी जवळ आली की नागपुरातल्या कम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. दीक्षाभूमीवर येणाऱ्यांसाठी निळ्या टोप्या, बॅज, उपरणी, झेंडे, आणि जवळपास सगळ्यांवर अशोकचक्र. याच दिवसांत एक तक्रार हमखास येते. "भाऊ, फाइल तर चांगली होती. कन्व्हर्ट केली अन् बिघडली. काहून?" चक्राच्या मध्यभागी धाग्याचा गोळा होतो, कापडाला भोक पडतं, निळ्याच्या जागी पडद्यावर हिरवा-गुलाबी दिसतो, एका आऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत धागा ओढत जातो, नाहीतर मशीन फाइल दाखवतच नाही. मग धागा बदलून होतो, सुई बदलून होते, मेकॅनिक येऊन धाग्याचं टेन्शन (ताण) बघून जातो. पुढच्या ऑर्डरला पुन्हा तेच.

दोष मशीनचा की फाइलचा, हे आधी ठरवून घ्या. मशीनमध्ये आधीपासून असलेलं एखादं डिझाइन, किंवा पूर्वी नीट निघालेली फाइल, त्याच कापडावर, त्याच धाग्याने, त्याच स्पीडला चालवा. कापड उलटं करून सॅटिनचे, म्हणजे पट्टीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारे, टाके बघा. मधल्या साधारण एक-तृतीयांश पट्टीत बॉबिनचा (खालचा) धागा दिसत असेल आणि दोन्ही कडांना वरचा धागा आलेला असेल, तर टेन्शन ठीक आहे. जुनी फाइल नीट निघाली आणि नवी बिघडली, तर मशीनला हात लावू नका. स्क्रू फिरवून चांगलं टेन्शन घालवून बसाल आणि फाइल तशीच राहील.

पुढचं सगळं इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर आणि त्यात बसणारं इंक/स्टिच हे भरतकामाचं एक्स्टेन्शन धरून लिहिलं आहे. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्त स्रोत. यात डोंगल (सॉफ्टवेअर चालवायला लागणारी यूएसबी चावी) लागत नाही आणि चोरीची कॉपी टाकून कम्प्युटर व्हायरसने भरवावा लागत नाही. छोट्या कारागिराने महागड्या पंचिंग (डिझाइनचे टाके बसवायच्या) सॉफ्टवेअरच्या क्रॅक कॉप्यांमागे धावण्यापेक्षा हे शिकावं, असं मी मनापासून सांगतो. लोगो, मोनोग्राम, बॅज, ब्लाउजच्या बुट्ट्या इतकं काम त्यात व्यवस्थित होतं.

फाइलच्या आत काय असतं

डीएसटी, पीईएस, जेईएफ या वेगवेगळ्या मशीनसाठीच्या टाक्यांच्या फाइली आहेत. सुई इथून इतकी उजवीकडे, इतकी वर, आता टाका न घालता उडी, आता रंग बदल, आता संपलं. एवढ्याच हुकुमांची ती यादी असते. हे वर्तुळ आहे, हा 'भ' आहे, ही आऱ्याची कड आहे, यातलं काहीही त्या फाइलला ठाऊक नसतं. इंक/स्टिचमध्ये बनवलेली एसव्हीजी फाइल, किंवा विलकॉम या पंचिंग सॉफ्टवेअरची ईएमबी फाइल, यांत मात्र आकार असतो आणि त्या आकारात टाके कसे भरायचे याचे नियम असतात. आकारातून टाके कधीही काढता येतात. टाक्यांतून आकार परत काढणं म्हणजे शिजलेल्या भातातून तांदूळ परत मिळवणं.

डीएसटी ही यातली सगळ्यात गरीब फाइल. ताजिमा या जपानी कंपनीच्या मशीनसाठी ती बनली आणि आज जवळजवळ प्रत्येक मल्टिहेड (अनेक डोक्यांचं) मशीन ती घेतं, म्हणून बाजारात तीच फिरते. सुरुवातीला ५१२ बाइटचं हेडर, त्यात नाव, टाक्यांची संख्या, रंगबदल किती, डिझाइन चारही बाजूंना किती पसरलंय. पुढे प्रत्येक टाक्याला तीन बाइट. अंतर ०.१ मिमीच्या मापात, आणि एका हालचालीत जास्तीत जास्त १२.१ मिमी. रंग कोणता, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. धागा कापण्यासाठीही वेगळा हुकूम नसतो.

म्हणून पीईएसची डीएसटी, मग त्या डीएसटीची जेईएफ असा प्रवास झाला, की पहिल्याच टप्प्यावर रंग जातात आणि पुढे ते कुणालाही परत आणता येत नाहीत. मूळ फाइल जी असेल तिच्यावरूनच प्रत्येक मशीनची फाइल थेट काढायची. मधली डीएसटी कधीही आधार म्हणून वापरायची नाही. ईएमबी फाइल आली तर ती इंक/स्टिच उघडत नाही. तिच्यासाठी विलकॉमचंच ट्रूसायझर वापरा. ते मुक्त स्रोत नाही, पण फुकट वापरता येतं, आणि ईएमबीवरून हव्या त्या मशीनची टाक्यांची फाइल काढून देतं.

साइझ कमी केली आणि भोक पडलं

सगळ्यात जास्त नुकसान याच दोषाने होतं, त्यामुळे इथे थोडं थांबू.

समजा १०० मिमीच्या चक्राची डीएसटी आली आणि टोपीसाठी ६० मिमी हवंय. इंकस्केपमध्ये ती फाइल उघडली की प्रत्येक टाका एकेक नोड होऊन येतो. पॅराम्स (इंक/स्टिचमधली टाक्यांची सेटिंग) उघडून पाहिलं तर पद्धत 'मॅन्युअल स्टिच' दिसते. याचा अर्थ, जिथे नोड तिथे सुई. आता कोपरा धरून आकार ६० मिमी केला की टाक्यांची संख्या तेवढीच राहते आणि जागा ३६ टक्के उरते. जिथे सॅटिनच्या दोन ओळींत ०.४ मिमी अंतर होतं तिथे ०.२४ मिमी उरलं. आपण वापरतो तो ४० नंबरचा धागाच साधारण ०.४ मिमी जाड. मग धागा जाणार कुठे? एकावर एक चढतो, सुई त्याच भोकात पुन्हा पुन्हा घुसते, धागा तुटतो, आणि पातळ कापड असेल तर तिथे अख्खा तुकडा कापून निघतो. मोठं केलं तर उलट. १०० चं १५० केलं की ०.४ चं अंतर ०.६ होतं आणि टाक्यांमधून निळ्यावर पांढरं कापड डोकावतं.

टाक्यांची फाइल १० टक्क्यांपर्यंत लहान-मोठी केली तर चालतं. २० टक्के ही ताणून धरलेली मर्यादा, तीही साध्या डिझाइनला. त्यापलीकडे आकारच लागतो.

आपल्याकडे एसव्हीजी असेल तर काम सोपं आहे. इंक/स्टिचमध्ये फिलच्या (आकार भरायच्या टाक्यांच्या) ओळींतलं अंतर मुळात ०.२५ मिमी आणि सॅटिनचं ०.४ मिमी धरलेलं असतं. आकार ६० मिमी केला तरी हे आकडे तसेच राहतात, टाके नव्याने मोजले जातात आणि संख्या आपोआप कमी होते. एक बटण मात्र बघून घ्या. इंकस्केपच्या वरच्या पट्टीवर, आकार बदलताना रेषेची जाडीही बदलायची की नाही, याचं बटण असतं. ते बंद असेल तर चक्र लहान होतं, पण झिगझॅगच्या रेषा जुन्या जाडीच्याच राहतात आणि एकमेकींवर चढतात.

एसव्हीजी नसेल तर डीएसटीवर वेळ घालवू नका. चक्रासारखी आकृती नव्याने काढायला एखादा चहा होईल एवढाच वेळ लागतो. डीएसटी खाली ठेवा, लेयर लॉक करा, आणि वरून आकार गिरवा. आतले टाके गिरवू नका, फक्त कडा घ्या.

आता चक्राचा मधला भाग. अशोकचक्राला २४ आरे. प्रत्येक आरा १ मिमी रुंदीचा सॅटिन धरला, तर २४ आरे शेजारी शेजारी बसायला २४ मिमी परीघ लागतो. म्हणजे मधलं वर्तुळ किमान ७.६ मिमी व्यासाचं हवं. ६० मिमीच्या चक्रात ते वर्तुळ ६ मिमीचं काढलं तर परीघ १८.८ मिमीच मिळतो, आणि प्रत्येक आरा शेजाऱ्याच्या अंगावर चढतो. सॉफ्टवेअर याबद्दल तक्रार करत नाही, कारण एकेक आरा सुटा पाहिला तर निर्दोष असतो. मशीनवर मात्र तिथेच गोळा होतो. भोक नेहमी मध्यभागीच का पडतं, त्याचं उत्तर या गुणाकारात आहे.

उपाय दोन. मोठ्या चक्रात आरे ८ मिमीच्या वर्तुळाच्या कडेलाच थांबवा, आतपर्यंत नेऊ नका, आणि मधली बिंदी सगळ्यात शेवटी त्यांच्या टोकांवर शिवा. ३० मिमीच्या बॅजवर सॅटिनचा नादच सोडा. आरे साध्या रनिंग टाक्याने काढा आणि पॅराम्समध्ये बीन स्टिच लावा, म्हणजे तोच टाका पुढे-मागे होऊन रेषा ठसठशीत दिसते. एका धाग्याची जाडी ०.४ मिमी धरली तर २४ आऱ्यांना ९.६ मिमी पुरतं, आणि ५ मिमीच्या वर्तुळाचा परीघ १५.७ मिमी असतो. मोकळी जागाही राहते आणि आरे मोजताही येतात. बॅज हातात घेतलेला माणूस आरे मोजतो. ते २४ च भरले पाहिजेत, आणि सुटे दिसले पाहिजेत.

एक्स्पोर्ट करण्याआधी इंक/स्टिचच्या ट्रबलशूट मेनूतला डेन्सिटी मॅप चालवून बघा. जिथे टाक्यांची गर्दी झाली तिथे लाल ठिपके येतात. मध्यभागी लालभडक डाग दिसला तर कापड वाया घालवायची गरजच नाही. डिझाइन तिथेच सुधारा.

फारच घाई असेल, ग्राहक समोर उभा असेल आणि हातात फक्त डीएसटी असेल, तर एक तात्पुरता मार्ग आहे. इंक/स्टिचच्या प्रेफरन्सेसमध्ये टाक्याची किमान लांबी वाढवून ०.३ मिमीच्या आसपास ठेवा. त्याहून लहान टाके गाळले जातात आणि धागा तुटणं कमी होतं. पण कोपरे बोथट होतात आणि ओळींमधली दाटी तशीच राहते. ही मलमपट्टी आहे. पाचशे टोप्यांची ऑर्डर अशा फाइलवर लावू नका.

मराठी अक्षरं

चक्राखाली 'जय भीम' हवंच असतं, आणि इथे वेगळाच घोळ होतो. इंकस्केपमध्ये देवनागरी फॉन्टने अक्षरं लिहून 'ऑब्जेक्ट टू पाथ' केलं की प्रत्येक अक्षर सुटं आकार म्हणून येतं. बहुतेक फॉन्टमध्ये एका अक्षराची शिरोरेखा पुढच्या अक्षरात थोडी घुसलेली असते. कागदावर हे कळत नाही. मशीनवर त्या प्रत्येक सांध्यावर दोनदा फिल बसतो, आणि शिरोरेखेवर गाठींची रांग दिसते. ग्रुप सोडवा, शब्दातली सगळी अक्षरं निवडा आणि 'युनियन' करा. शब्द एकसंध आकार होतो. माझी पसंती याहून एक पाऊल पुढे आहे. शिरोरेखा पूर्ण काढून टाकायची, अक्षरांचे देह आधी शिवायचे आणि मग शब्दभर एकच सलग सॅटिनची पट्टी शिरोरेखा म्हणून वरून टाकायची. हाताने लिहितानाही आपण शब्द लिहून वर रेघ ओढतो, आणि कापडावर ही रेघ इतकी सरळ येते की छापील वाटते.

युनियन केल्यावर कधी कधी इंक/स्टिच म्हणतं की आकाराची कड स्वतःलाच छेदते आहे. 'ट्रबलशूट ऑब्जेक्ट्स' चालवलं की नेमक्या जागी खूण येते. 'ब्रेक अपार्ट फिल ऑब्जेक्ट्स' या हुकुमाने बहुतेक वेळा हे सुटतं.

'क्लीनअप डॉक्युमेंट' वापरताना मात्र डोळे उघडे ठेवा. हा हुकूम बारीक, निरुपयोगी तुकडे काढून टाकतो, आणि त्याला अनुस्वार हाही बारीक तुकडाच वाटतो. 'संघ' चा 'सघ' झालेला बॅज शंभर नग शिवून झाल्यावर लक्षात येणं फार वाईट. किती लहान तुकडा काढायचा याची मर्यादा त्यात असते, ती कमी करा, आणि चालवून झाल्यावर प्रत्येक अनुस्वार, रफारावरचा अनुस्वार, 'ङ' चा ठिपका जागेवर आहे का ते बघा. अनुस्वार किमान दीड मिमीचा ठेवा. अक्षराच्या मानाने मोठा वाटला तरी हरकत नाही, शिवल्यावर धागा त्याला आत ओढतो.

अक्षराची उंची, मात्रा सोडून, ५ मिमीपेक्षा कमी मागितली तर ग्राहकाला नाही म्हणा. इंग्रजी कॅपिटल अक्षरं एक वेळ निघतात. 'ष्ट्र' किंवा 'क्ष' त्या मापात निघत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

धागा ओढत जातो

डीएसटीत धागा कापायचा स्वतंत्र हुकूम नसतो, हे वर आलंच. लागोपाठ उड्या आल्या की मशीन समजतं, इथे कापायचं. इंक/स्टिच कापण्याच्या जागी तीन उड्या लिहितं. पण किती उड्यांना कापायचं हे मशीनच्या पॅनेलवर ठरवलेलं असतं. तिथे आकडा पाच असेल आणि फाइलमध्ये तीनच उड्या असतील, तर धागा कापला जाणार नाही. त्यामुळे हीच फाइल एका दुकानात कापते आणि दुसऱ्या दुकानात ओढत जाते, आणि दोघे एकमेकांच्या फाइलला नावं ठेवतात. पॅनेलची सेटिंग बघा. मालक वेगळा असेल तर त्याला विचारून बदला.

फाइलच्या बाजूने, ज्या आकारानंतर कापायचं आहे त्याच्या पॅराम्समध्ये 'ट्रिम आफ्टर' वर खूण करा. किंवा त्या आकाराला ट्रिमची कमांड जोडा. घरगुती एका सुईच्या काही मशीनना आपोआप कापायची सोयच नसते. तिथे ताई, कात्रीच. फाइलला दोष देऊ नका.

खरं तर चांगल्या पंचिंगमध्ये कापावंच कमी लागतं. चक्राचे २४ आरे एकेक करून शिवून प्रत्येकानंतर कापलं तर २४ वेळा मशीन थांबणार, २४ वेळा सुरुवातीचा टाका सुटायचा धोका. एक आरा आतून बाहेर, पुढचा बाहेरून आत असा क्रम लावला आणि बाहेरची जोडणी कडेच्या वर्तुळाखालून नेली, तर अख्खं चक्र एकाही कटशिवाय निघतं. कडेचं वर्तुळ मग आऱ्यांनंतर शिवा. इंक/स्टिचमध्ये 'ऑटो-रूट सॅटिन कॉलम्स' हा हुकूम असाच रस्ता शोधून देतो, आणि जोडणीचे रनिंग टाके सॅटिनच्या खाली लपवतो. तो बहुतेक वेळा चांगला रस्ता देतो, पण सिम्युलेटरमध्ये (शिवण पडद्यावर चालवून दाखवतो तो) हळू गतीने एकदा पूर्ण बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नका. शिवण्याचा क्रम ऑब्जेक्ट्सच्या यादीत खालून वर असतो. खालचा आकार आधी, वरचा शेवटी.

रंग

डीएसटी उघडल्यावर जे रंग दिसतात ते सॉफ्टवेअरने मनाने दिलेले असतात. हिरवं-गुलाबी चक्र बघून घाबरू नका. मल्टिनीडल मशीनवर तसंही पॅनेलवरच सुईचा नंबर द्यावा लागतो. फाइलबरोबर रंगांचा क्रम लिहिलेला कागद द्या, किंवा इंक/स्टिचमधून पीडीएफ काढा, त्यात रंगांच्या क्रमासह चित्र येतं. एक सोयीची गोष्ट इथेच सांगतो. 'झिप' प्रकारात एक्स्पोर्ट केलं तर एकाच वेळी डीएसटी, पीईएस, जेईएफ आणि धाग्यांची यादी असं सगळं एका गाठोड्यात मिळतं. चार मशीनवाल्यांना चार फाइली पाठवायच्या असतील तर हाच रस्ता धरा.

पीईएसमध्ये रंग राहतात, पण ब्रदरच्या जुन्या मशीन ६४ रंगांच्या ठरलेल्या यादीतूनच रंग दाखवतात. आपला निळा जरा वेगळा दिसला तर तो पडद्यापुरता. शिवताना रंग धाग्याचाच येणार.

उलटा प्रकार जास्त त्रास देतो. मशीन थांबायला हवं तिथे थांबत नाही. पॅचवर्क करताना आधी जागेची रेघ, मग कापड ठेवायला थांबणं, मग पकडायचे टाके, मग कडेचं सॅटिन. तिन्ही आकार एकाच निळ्या रंगाचे असतील तर मधे रंगबदल नाही, आणि रंगबदल नाही तर थांबणं नाही. तिन्हींना वेगवेगळे रंग द्या, किंवा स्टॉपची कमांड जोडा.

मशीन फाइल दाखवतच नाही

इथे फाइल उघडून बघण्याआधी पेनड्राइव्ह बघा. तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट असावा. ६४ जीबीचे नवे पेनड्राइव्ह बहुतेक एक्सएफएटीमध्ये येतात आणि बऱ्याच मशीन ते वाचत नाहीत. लहान, जुना पेनड्राइव्ह या कामासाठी राखून ठेवा आणि त्यावर गाणी-सिनेमे ठेवू नका. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांत, आठ अक्षरांच्या आत. 'मोर पैठणी नवीन फायनल' असं देवनागरी नाव कम्प्युटरवर छान दिसतं, पण जुन्या पॅनेलला ते झेपत नाही. जेनोमेच्या काही मशीनना फाइल ठरावीक फोल्डरमध्येच लागते. रिकामा पेनड्राइव्ह आधी मशीनला लावून मशीनमधलंच एखादं डिझाइन त्यावर सेव्ह करा, म्हणजे मशीन स्वतःच फोल्डर बनवतं. मग आपली फाइल त्याच फोल्डरमध्ये टाका.

हे सगळं ठीक असेल तर माप बघा. १०० बाय १०० मिमीच्या फ्रेमच्या ब्रदर मशीनवर १००.४ मिमीचं डिझाइन गेलं तर मशीन ते नाकारतं. इंकस्केपमध्ये तुम्ही बरोबर १०० लिहिलेलं असतं, पण पुल कॉम्पेन्सेशन (धागा कापड आत ओढतो म्हणून आकार थोडा रुंद शिवणं) लावलं की टाके आकाराच्या बाहेर पडतात. म्हणून डिझाइन ९८ मिमीच्या आत ठेवा आणि माप आकाराचं न बघता सिम्युलेटरमध्ये दिसणाऱ्या टाक्यांचं बघा.

इंक/स्टिचच उघडत नाही

थोडक्यात. इंकस्केप त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, विंडोज स्टोअरवरच्या कॉपीत एक्स्टेन्शनला अडचण येते. इंक/स्टिचची आवृत्ती तुमच्या इंकस्केपला आणि विंडोजला जुळणारी घ्या. बसवल्यावर मेनू दिसतो पण काहीच होत नाही, असं असेल तर अँटिव्हायरसने त्याची मुख्य फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकलेली असू शकते. तिथून परत आणा, अपवादात टाका, नाहीतर पुन्हा बसवा.

सेव्ह करण्याची सवय

तोच दोष पुन्हा पुन्हा येतो तो बहुतेक वेळा या एका सवयीमुळे. इंकस्केपमध्ये 'सेव्ह ॲज' करून डीएसटी निवडली की उघडी फाइल आता डीएसटी झाली. पुढे तुम्ही काही बदललं आणि कंट्रोल-एस दाबलं की बदल डीएसटीत जातात. इंकस्केप बंद केलं की आकार, पॅराम्स, सगळे नियम गेले. उरले फक्त टाके. पुढच्या वर्षी ग्राहक म्हणतो "तेच चक्र, फक्त जरा लहान", आणि हातात फक्त डीएसटी असते.

म्हणून आधी एसव्हीजी सेव्ह करायची. मशीनची फाइल नेहमी 'सेव्ह अ कॉपी' ने काढायची. दुरुस्ती करायची ती एसव्हीजीत, आणि मग नवी कॉपी. एसव्हीजीच्या नावात माप आणि कापड लिहा, म्हणजे 'चक्र ६० टोपी', 'चक्र ३० बॅज', अर्थात इंग्रजी अक्षरांत. टोपीचं जाड कापड आणि टी-शर्टचं ताणलं जाणारं होजिअरी यांना एकच फाइल चालत नाही. होजिअरीवर पुल कॉम्पेन्सेशन थोडं वाढवावं लागतं, खाली अंडरले (मुख्य टाक्यांखालचा आधाराचा थर) जरा भक्कम लागतो, आणि बॅकिंग पेपर चांगला लागतो, नाहीतर गोल चक्र अंडाकृती होतं.

पंचिंग बाहेरून करून घेत असाल तर पैसे देतानाच एसव्हीजी किंवा ईएमबी मागा. नुसती डीएसटी घेऊन घरी येऊ नका. पंच करणारे काही जण मूळ फाइल देत नाहीत, ती त्यांच्या धंद्याची बाब आहे आणि त्यांचा तो हक्क मी मानतो. मग निदान टोपी, बॅज, पाठ अशा तिन्ही मापांच्या वेगळ्या फाइली त्याच वेळी ठरवून घ्या आणि दर तसा बोला.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायचं असेल, तर डिझाइनचा स्क्रीनशॉट पाठवू नका. त्यात टाके दिसत नाहीत. एसव्हीजी आणि मशीनची फाइल दोन्ही व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. शिवलेल्या तुकड्याचा सरळ आणि उलट बाजूचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून. मशीन कोणतं, फ्रेम किती मिमीची, कापड आणि बॅकिंग कोणतं, धागा कितव्या टाक्याच्या आसपास तुटतो, तो आकडाही लिहा. पॅनेलवर तो दिसतो, आणि सिम्युलेटरमध्ये त्याच आकड्यावर जाऊन सुई तेव्हा नेमकी कुठे होती ते बघता येतं.